हिवतापाच्या डासांची ओळख डीएनए तपासणीने पक्की करावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की गडचिरोलीतील हिवतापाच्या बातम्या आपल्या दैनिकात ठळकपणे येऊ लागतात. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत किती रुग्ण सापडले, मच्छरदाण्या गावांपर्यंत पोहोचल्या का, फवारणीचे पथक कुठे गेले आणि कुठे गेलेच नाही, याचा पाठपुरावा आपण करता आणि तो आवश्यकच आहे. मात्र या साऱ्या चर्चेत ज्या डासामुळे हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, त्याची नेमकी ओळख काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. देशाने 2030 पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करण्याचे आणि त्याआधी 2027 पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. राज्यात हे उद्दिष्ट गाठणे जिथे सर्वांत अवघड आहे, त्या गडचिरोली जिल्ह्यात तरी डासांची ओळख भिंगाखाली पाहण्यावर न थांबवता डीएनए तपासणीपर्यंत न्यावी, अशी माझी मागणी आहे. विदर्भातील महाविद्यालयात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवलेला मी एक अध्यापक आहे आणि ही मागणी केवळ अभ्यासकाच्या हौसेपोटी करीत नाही. फवारणीचा खर्च आणि कर्मचाऱ्यांचे श्रम योग्य ठिकाणी लागावेत, हा तिच्यामागचा हेतू आहे.

हिवतापाचा परजीवी ॲनॉफिलिस या डासांच्या मादीमार्फत पसरतो, हे शाळेच्या पुस्तकातही असते. भारतात ॲनॉफिलिसच्या साठच्या आसपास जाती आढळतात आणि त्यांपैकी हिवतापाचा मोठ्या प्रमाणावर प्रसार करणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच आहेत. गडचिरोलीत त्यांपैकी दोन महत्त्वाच्या आहेत. ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस हा भातखाचरे, डबकी, कालवे आणि नदीपात्रात साचलेल्या पाण्यात वाढतो, तर ॲनॉफिलिस फ्लुव्हिॲटिलिस हा डोंगर-जंगलातील संथ वाहत्या ओढ्यांच्या काठाने वाढतो. या दोहोंमधला फरक ओळखणे सरावाच्या डोळ्याला कठीण नाही. पंखावरची तिसरी शीर सगळी काळी असेल तर क्युलिसिफेसीस आणि तीच शीर बहुतांशी फिकट असेल तर फ्लुव्हिॲटिलिस, ही खूण हिवताप विभागातील जुना कीटक समाहारक क्षणात सांगतो. पहाटे गोठ्यात आणि घरात टॉर्च व काचेची शोषनळी घेऊन भिंतीवर बसलेले डास पकडायचे, दर माणशी दर तासाला किती मिळाले ते लिहायचे, भिंगाखाली जात ओळखायची आणि तक्ता भरायचा, ही पद्धत अनेक दशके चालत आली आहे आणि तिच्याविषयी मला आदरच आहे.

अडचण इथून पुढे सुरू होते, कारण क्युलिसिफेसीस ही एकच जात नाही. ग्रीन आणि माइल्स या संशोधकांनी 1980 मध्ये गुणसूत्रांच्या अभ्यासावरून दाखवून दिले की, या एका नावाखाली किमान दोन स्वतंत्र जाती वावरत आहेत. त्यांना ए आणि बी म्हटले गेले. त्यानंतर डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये सी, पुढे 1991 मध्ये डी आणि 1999 मध्ये रामेश्वरम बेटावरील डासांच्या अभ्यासातून ई, अशा आणखी तीन जातींची भर घातली. म्हणजे पंखावरची शीर तीच, सोंडेजवळच्या मिशांवरचे पट्टे तेच, पण प्रत्यक्षात जाती पाच. एकाच गावात एकाच रात्री उडूनही त्या आपसात प्रजनन करीत नाहीत, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने त्या वेगळ्या ठरतात. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही त्या वेगळ्याच आहेत, कारण त्यांपैकी बी ही हिवतापाच्या प्रसारात अत्यंत दुबळी आहे आणि तिचा ओढा जनावरांच्या रक्ताकडे आहे, तर ए, सी, डी आणि ई या रोगवाहक आहेत. डीडीटीला या जाती कसा प्रतिसाद देतात यातही तफावत आढळली असून, उत्तर भारतातील निरीक्षणांत बी ही ए पेक्षा अधिक चिवट ठरली.

यातील ई ची हकिकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. रामेश्वरममध्ये मिळणारे डास गुणसूत्रांच्या पट्ट्यांवरून हुबेहूब बी सारखे दिसत. बी ही रोगवाहक नाही असे मानले, तर तिथे हिवताप सतत टिकून का राहतो याचा उलगडा होत नव्हता. माद्यांची अंडी वाढवून त्यांतून निघालेल्या नरांचे वाय गुणसूत्र तपासले तेव्हा त्याच्या आकारात फरक आढळला आणि ज्यांना बी समजले जात होते त्यांत माणसाचे रक्त आवडीने पिणारी, कार्यक्षम रोगवाहक अशी निराळी जात लपलेली आहे, हे स्पष्ट झाले. श्रीलंकेतही बी आणि ई अशी जोडी आढळली. केवळ बाह्यरूपावर विसंबून राहिले असते, तर ही जात आपल्याला अजूनही ठाऊक झाली नसती.

फ्लुव्हिॲटिलिसची स्थितीही अशीच आहे. 1994 मध्ये या नावाखाली एस, टी आणि यू अशा तीन जाती असल्याचे दाखवण्यात आले. एस ही घरात विसावणारी, मुख्यतः माणसाचे रक्त पिणारी आणि अतिशय परिणामकारक रोगवाहक जात असून, ओडिशाच्या डोंगराळ जंगलपट्ट्यात तिचे अस्तित्व हिवतापाच्या तीव्र प्रसाराशी जोडलेले आढळले. टी आणि यू या जनावरांवर जगणाऱ्या असून हिवतापाच्या प्रसारात त्यांचा वाटा नगण्य मानला जातो. आता असे दोन पाडे डोळ्यांसमोर आणा, जिथे ओढ्याकाठच्या घरांत आणि गोठ्यांत फ्लुव्हिॲटिलिस सारख्याच संख्येने सापडतो. पहिल्या पाड्यातील डास एस आहेत आणि दुसऱ्यातील टी. अहवालाच्या रकान्यात दोन्हीकडे एकच नाव आणि एकच घनता लिहिली जाईल. फवारणीचा प्राधान्यक्रम ठरवताना दोन्ही पाडे एकाच पंक्तीत बसतील. आणि मनुष्यबळ अपुरे पडले, तर कदाचित ज्या पाड्यात धोका नाही तिथे पथक आधी पोहोचेल आणि जिथे लहान मुले फॅल्सिपॅरम या घातक प्रकारच्या हिवतापाने फणफणत आहेत तो पाडा पुढच्या आठवड्यावर ढकलला जाईल. माझी तळमळ नेमकी यासाठी आहे.

असे प्रत्यक्षात घडले आहे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आफ्रिकेत 1950 च्या दशकात आजच्या केनिया-टांझानिया सीमेवरील पारे-टावेटा भागात डिल्ड्रिन या कीटकनाशकाची घरोघर फवारणी करण्यात आली. तिथला मुख्य रोगवाहक ॲनॉफिलिस फुनेस्टस हा फवारणीनंतर जवळजवळ नाहीसा झाला. पण त्याच्यासारखाच दिसणारा, घराबाहेर राहून जनावरांना चावणारा ॲनॉफिलिस रिव्हुलोरम संख्येने वाढला. काळजीपूर्वक ओळख पटवणारे कीटकशास्त्रज्ञ तिथे होते म्हणून हा बदल वेळीच ध्यानात आला. ते नसते तर फुनेस्टस अजून शिल्लक आहे, सबब फवारणी फसली, असा अगदी उलटा निष्कर्ष निघाला असता. मध्य व्हिएतनामच्या एका भागात याच्या उलट घडले. तिथे मोहीम ज्याला ॲनॉफिलिस मिनिमस समजून चालवली जात होती, तो डास रेणवीय तपासणीत ॲनॉफिलिस वरुणा निघाला. हा डास तिथे प्रामुख्याने जनावरांना चावतो आणि हिवताप पसरवत नाही.

आपल्या देशातील उदाहरण आसामचे आहे. तिथे हिवाळ्यात मिळणारे काळसर डास वर्षानुवर्षे फ्लुव्हिॲटिलिस म्हणून नोंदवले जात असत आणि मिनिमस हा मुख्य रोगवाहक त्या ऋतूत दिसेनासा होतो अशी समजूत होती. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी डीएनएच्या आधारे दाखवून दिले की, आसाममध्ये फ्लुव्हिॲटिलिस म्हणून ओळखलेले ते डास वस्तुतः मिनिमसच होते. म्हणजे रोगवाहक कुठे गेलाच नव्हता. थंडीच्या दिवसांतील त्याच्या रंगामुळे त्याला भलत्याच नावाने ओळखले जात होते. जाणकार माणसांच्या, उत्तम भिंगाखालच्या ओळखीतही असे घडू शकते, हे या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे आहे.

बाह्यरूपाच्या मर्यादांची जाणीव मात्र त्याआधीच झालेली होती. युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी ॲनॉफिलिस मॅक्युलिपेनिस सर्वत्र आणि हिवताप मात्र काही भागांतच, हे कोडे संशोधकांना छळत होते. फाल्लेरोनी या इटालियन आरोग्य निरीक्षकाने 1926 मध्ये या डासांच्या अंड्यांवरील नक्षीतील भेद नोंदवले आणि पुढे त्यातून अनेक जाती वेगळ्या काढल्या गेल्या. त्यानंतर संकराचे प्रयोग आले. आफ्रिकेतील ॲनॉफिलिस गॅम्बियाच्या वेगवेगळ्या वसाहतींचा संकर केला असता निपजलेले नर वंध्य निघतात, हे डेव्हिडसन यांनी 1960 च्या दशकात दाखवले. नंतर गुणसूत्रांचा काळ आला आणि आपल्याकडचे क्युलिसिफेसीसवरील मूलभूत काम त्याच पद्धतीने झाले.

ती पद्धत किती कष्टाची आहे, हे ज्याने हाताने केली आहे त्यालाच कळते. त्यासाठी मादीच हवी आणि तीही रक्त पिऊन ते अर्धे पचलेली, म्हणजे पोटाचा एक भाग काळसर-लाल आणि उरलेला अंड्यांमुळे पांढुरका झालेली. तिचे अंडाशय बाहेर काढून मेथॅनॉल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवावे लागते, मग काचपट्टीवर ठेवून आच्छादक काचेखाली अंगठ्याने नेमका दाब द्यावा लागतो. दाब कमी पडला तर गुणसूत्रे पसरत नाहीत आणि जास्त झाला तर तुटतात. सगळे जमून आले तर सूक्ष्मदर्शकाखाली जाडजूड, आडव्या पट्ट्यांची गुणसूत्रे दिसतात आणि कोणता तुकडा उलटा बसलेला आहे यावरून जात ठरवता येते. नर, अळ्या, उपाशी माद्या, नुकतेच रक्त प्यालेल्या माद्या, सापळ्यात सुकून गेलेले डास, हे सगळे या पद्धतीच्या कक्षेबाहेर राहतात. पकडलेल्यांतले थोडेच डास उपयोगी पडतात आणि पट्ट्या वाचू शकणारी माणसे देशभरातच मोजकी उरली आहेत.

डीएनएवर आधारित पद्धतीने ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर केली. डासाचा एक पाय पुरतो. तो पकडल्यावर सिलिका जेल असलेल्या लहान कुपीत कोरडा ठेवला तर बर्फाची गरज पडत नाही, आणि भामरागडहून नागपूरला नमुना पाठवायचा असेल तर ही फार मोठी सोय आहे. पायाच्या पेशींतून डीएनए मोकळा करायचा आणि पीसीआर यंत्रात ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करायच्या. बहुधा रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, जनुकांचा भाग यासाठी निवडतात, कारण त्याच्या शेकडो प्रती प्रत्येक पेशीत असल्याने अगदी अल्प नमुनाही चालतो. शिवाय या जनुकांच्या मधला आयटीएस-2 नावाचा पट्टा जातीजातींत झपाट्याने बदललेला असतो, तर त्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच राहिलेल्या असतात. त्यामुळे एका सामाईक प्रायमरबरोबर (प्रायमर म्हणजे कोणत्या तुकड्याच्या प्रती करायच्या हे ठरवणारा डीएनएचा छोटा धागा) प्रत्येक जातीसाठी वेगळा प्रायमर वापरला, की प्रत्येक जातीतून वेगळ्या लांबीचा तुकडा तयार होतो. आफ्रिकेतील गॅम्बिया समूहासाठी 1993 मध्ये स्कॉट, ब्रॉग्डन आणि कॉलिन्स यांनी रायबोसोमच्याच जनुकांमधल्या दुसऱ्या एका पट्ट्यावर जी चाचणी बसवली, तीत गॅम्बियाचा तुकडा 390 बेस पेअरचा (हे डीएनएची लांबी मोजण्याचे एकक), अरेबिएन्सिसचा 315 चा आणि क्वाड्रिॲन्युलेटसचा 153 चा येतो. जेलमध्ये विद्युतप्रवाह सोडला की लहान तुकडा पुढे पळतो, मोठा मागे राहतो आणि अतिनील प्रकाशात पट्ट्या चमकू लागल्या की, ज्या डासांकडे आयुष्यभर भिंगातून पाहूनही फरक कळला नसता, ते काही सेकंदांत वेगळे होतात. विद्यार्थ्यांना अशी जेल प्रथमच दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्य मी पुष्कळदा पाहिले आहे.

आपल्या क्युलिसिफेसीस आणि फ्लुव्हिॲटिलिससाठीही अशा चाचण्या भारतीय शास्त्रज्ञांनीच विकसित करून प्रसिद्ध केल्या आहेत, त्यामुळे परदेशी तंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. उरलेल्या डासाचाही उपयोग होतो. पोटातील रक्त माणसाचे की जनावराचे, हे तपासता येते. डोके आणि छातीच्या भागातून परजीवीची संसर्गक्षम अवस्था शोधता येते. आणि पायातून काढलेल्या त्याच डीएनएमधून कीटकनाशकाला दाद न देण्याशी निगडित जनुकीय बदलही पाहता येतो, जो भारतातील क्युलिसिफेसीसमध्ये आढळून आलेला आहे. कोणती जात, तिने कोणाचे रक्त प्यायले, तिच्यात परजीवी आहे का आणि कोणते औषध तिच्यावर निष्प्रभ ठरेल, ही चारही उत्तरे एकाच डासातून मिळाली तर जिल्हा हिवताप अधिकाऱ्याचा निर्णय अंदाजावर अवलंबून राहणार नाही.

या तंत्राच्या मर्यादाही लपवून ठेवणे योग्य नाही. क्युलिसिफेसीसच्या बाबतीत रायबोसोमच्या जनुकावर आधारलेली चाचणी पाचही जाती एकदम वेगळ्या करीत नाही. ती ए आणि डी यांना एका गटात आणि बी, सी व ई यांना दुसऱ्या गटात टाकते. म्हणजे दुबळी बी आणि घातक ई एकाच गटात राहतात आणि एवढ्यावर थांबले तर फवारणीच्या निर्णयाला फारसा उपयोग होत नाही. मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकातील, जनुकावर आधारित पुढील टप्पा जोडून पाचही जाती वेगळ्या करण्याची पद्धत 2006 मध्ये प्रसिद्ध झाली, पण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए केवळ आईकडून येतो, त्यामुळे क्वचित होणारे संकर त्यात उमटत नाहीत. फ्लुव्हिॲटिलिसची एस जात आणि आग्नेय आशियातील मिनिमसची सी जात एकच आहे, असे एका मर्यादित डीएनए-पट्ट्याच्या आधारे मांडले गेले होते. इतर भाग तपासल्यावर आपल्याच शास्त्रज्ञांनी ते 2006 मध्ये खोडून काढले. एका जनुकावर सगळा भार टाकू नये, हा धडा त्यातून मिळालेला आहे.

दुसरी मर्यादा त्याहून व्यवहारातली आहे. पीसीआरमध्ये जे प्रायमर घातले असतील, त्यांच्याच प्रश्नाचे उत्तर यंत्र देते. भलत्याच समूहातील डास चुकून त्या चाचणीत गेला तर कधी काहीच पट्टी येत नाही आणि कधी फसवी पट्टी येते; आफ्रिकेत असे घडलेले आहे. म्हणून आधी भिंगाखालची ओळख पक्की हवी आणि नंतर डीएनए. ही चाचणी आली की कीटक समाहारकाची गरज संपेल, असा समज प्रशासनात कोणी करून घेऊ नये. पहाटे चिखल तुडवीत पाड्यावर जाऊन गोठ्यातील आणि घरातील डास वेगवेगळ्या कुप्यांत भरणारा, कुपीवर गाव, तारीख, जागा स्वच्छ अक्षरात लिहिणारा माणूस नसेल, तर प्रयोगशाळेतील सर्वांत महाग यंत्रही निरुपयोगी आहे. समाहारकांची आणि कीटकशास्त्रज्ञांची पदे भरलेली असणे ही या मागणीची पहिली अट आहे.

हा विषय फक्त जंगलपट्ट्याचा नाही, हेही आवर्जून नमूद करतो. मुंबईसह आपल्या शहरांत हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा गच्चीवरच्या टाक्यांत, बांधकामाच्या पाण्यात वाढणारा डास लिस्टन यांनी 1901 मध्ये प्रथम शास्त्रीय नावाने नोंदवला आणि त्यांचे त्या वर्षीचे निरीक्षण होते ते वऱ्हाडातील एलिचपूरचे, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील अचलपूरचे. हाच डास 2012 मध्ये आफ्रिकेच्या शिंगातील जिबुती येथे आढळला आणि 2016 मध्ये इथिओपियात. जिबुतीत 2012 मध्ये हिवतापाचे जेमतेम 27 रुग्ण नोंदले गेले होते. 2020 मध्ये ती संख्या 73 हजारांच्या पुढे गेली. आफ्रिकेतील कर्मचाऱ्यांच्या हातातील ओळख-तक्त्यांत हा आशियाई डास नव्हताच, त्यामुळे तो स्थानिक डासांमध्ये बेमालूम खपून जाण्याचा धोका होता. तो स्टीफेन्सीच आहे, यावर आयटीएस-2 आणि मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाच्या वाचनाने शिक्कामोर्तब झाले. डीएनएने ओळख पटवण्याची सवय नसलेल्या प्रदेशात एखादा नवा डास किती काळ निनावी राहून रोग वाढवू शकतो, याचा विचार बंदरे आणि विमानतळ असलेल्या आपल्या राज्यानेही करायला हवा.

आता प्रत्यक्ष मागणीकडे येतो. करोनाच्या साथीत राज्यातील जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आरटी-पीसीआरच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. ती यंत्रे आज पूर्ण क्षमतेने वापरात नसतील, तर डासांच्या नमुन्यांसाठी आठवड्यातील ठरावीक वेळ राखून ठेवता येईल. त्यासाठी वेगळे प्रायमर, डीएनए काढण्याचे साहित्य, जेलची साधी व्यवस्था आणि एका तंत्रज्ञाचे प्रशिक्षण लागेल, नवी इमारत लागणार नाही. डास आणि रुग्णांचे नमुने एकाच टेबलावर हाताळले जाऊ नयेत, याची काळजी मात्र घ्यावी लागेल. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, नागपुरात आणि चंद्रपुरात प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. त्यांच्या प्रकल्पांना हिवताप विभागाच्या कामाशी जोडले, तर विद्यार्थ्यांना खरे काम मिळेल आणि विभागाला प्रशिक्षित हात मिळतील. राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्थेचे मार्गदर्शन घेऊन प्रमाणित कार्यपद्धती लिहून काढता येईल आणि नमुन्यांपैकी काही भाग फेरतपासणीसाठी त्यांच्याकडे पाठवता येईल.

सगळ्या गावांतील सगळे डास तपासा, असे माझे म्हणणे नाही. रुग्णसंख्या सतत जास्त राहणारी आणि शेजारी असूनही सतत कमी राहणारी अशी निवडक गावे प्रत्येक तालुक्यात घ्यावीत. उन्हाळ्याच्या अखेरीस, भर पावसाळ्यात आणि पाऊस ओसरल्यावर, अशा तीन वेळी घर, गोठा आणि उघड्यावरील विसाव्याच्या जागा येथून वेगवेगळे नमुने गोळा करावेत. फ्लुव्हिॲटिलिसमध्ये एस चा वाटा किती आणि क्युलिसिफेसीसमध्ये कोणत्या जाती कोणत्या प्रमाणात आहेत, एवढे कळले तरी पुढच्या हंगामातील फवारणीच्या यादीत कोणते गाव वर यावे, हे ठरवायला आधार मिळेल. जिथे एस आढळेल तिथे घरातील फवारणी आणि मच्छरदाणी यांवर पूर्ण भर देणे सयुक्तिक ठरेल, कारण ती घरात येणारी आणि माणसाला चावणारी जात आहे. जिथे केवळ बी किंवा टी निघेल आणि तरीही रुग्ण सापडत राहतील, तिथे कदाचित संसर्ग बाहेरगावी मजुरीला गेलेल्यांकडून येत असेल किंवा आपल्या नजरेतून निसटलेला दुसराच डास असेल. तिथे शोधाची दिशा बदलावी लागेल. धानाच्या राखणीसाठी शेतात झोपणाऱ्यांना कोणता डास चावतो, हाही प्रश्न घरातील डास मोजून सुटणार नाही, त्यासाठी बाहेरचे नमुने लागतीलच.

यातून येणारी माहिती कार्यालयातील फायलीत राहू नये, असेही मला आग्रहाने सांगायचे आहे. राज्याच्या आरोग्य सेवेतील हिवताप, हत्तीरोग व जलजन्य रोग विभागाने तालुकानिहाय निष्कर्ष दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावेत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, आशा कार्यकर्त्या, ग्रामसभा आणि आपल्यासारखी दैनिके त्यांचा उपयोग करू शकतील. आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की, यंदा गडचिरोलीच्या हिवतापावर लिहिताना जिल्हा हिवताप कार्यालयाला रुग्णसंख्या, मच्छरदाण्या आणि फवारणी यांच्या जोडीला एक प्रश्न जरूर विचारावा : मागील वर्षी जिल्ह्यातून पकडलेल्या फ्लुव्हिॲटिलिस आणि क्युलिसिफेसीसपैकी किती डासांची डीएनए तपासणी झाली आणि त्यांत कोणत्या जाती निघाल्या? मिळेल ते उत्तर, मग ते शून्य असले तरीही, आपण छापावे.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
चंद्रपूर